मामीच्या तावडीतली डोकी

देवानं माणसाला डोकं दिलं ते विचार करण्यासाठी, असा जगात सगळीकडे समज आहे. माझ्या अल्लीपूरच्या मामीला तो अजिबात मान्य नव्हता. तिच्या लेखी डोकं म्हणजे वावर, आणि त्यात नीट पीक यायचं असेल तर ते केसांचंच. विचारबिचार तणासारखे मधेमधे आपोआप उगवतात, त्यांची कोणी चिंता करायचं कारण नाही. नवं माणूस भेटलं की लोक आधी चेहरा बघतात, नाव-गाव विचारतात. मामीची नजर थेट कपाळाच्या वर जायची आणि तिथून वेणीच्या शेंड्यापर्यंत सरसर उतरायची. तेवढ्यात तिला जे कळायचं ते जोशीबुवांना कुंडली मांडूनही कळलं नसतं. "सोड्यानं डोकं धुते," ती माझ्या कानात पुटपुटायची. नाहीतर, "सासू तेल देत नाई वाटते इले." एकदा शेजारच्या घरी नवी नवरी आली. ओवाळणीचं ताट मामीच्या हातात, सगळी मंडळी उंबरठ्याशी थांबलेली, आणि मामी तबक तसंच अधांतरी धरून म्हणाली, "ओवाळाचं मंग पाहू. आधी पोरीचे केस पाहा! मायेकडून उपाशीच आले थे!" त्या घरानं वर्षभर मामीशी अबोला धरला. नवरी मात्र तिसऱ्याच दिवशी मागच्या दारानं, हातात तेलाची वाटी घेऊन, मामीकडे हजर झाली.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमचं घर वर्ध्याला लागून सिंदी मेघेत. वडिलांची अचानक लांब बदली झाली, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि माझी नववी मधेच तुटू नये म्हणून मला वर्षभरासाठी अल्लीपूरला मामाकडे ठेवलं. पहिल्याच दिवशी मला समजलं की या घरात जेवणाचं आणि केसांचं सामान एकाच फळीवर नांदतं, आणि मान केसांच्या सामानाला जास्त आहे. ज्या डब्यात तुरीची डाळ असावी त्यात रिठे, साखरेच्या बरणीत आवळकाठी, लोणच्याच्या शेजारी सुकवलेली जास्वंदीची फुलं. मामा साधा, शांत शेतकरी. एकदा तो वावरातून भुकेला आला आणि चुलीवरचं पातेलं उघडून त्यातलं डावभर कढी समजून भातावर घेतलं. ते जवस उकळून केलेलं बुळबुळीत पाणी होतं, कोणाच्या तरी कोरड्या केसांसाठी निवत ठेवलेलं. मामानं दोन घास खाल्ले, थांबला, विचार केला आणि म्हणाला, "मीठ कमी हाये." मामी धावत आली ती नवऱ्याच्या काळजीनं नव्हे. "अवो, थे दोन डोक्यांचं होतं!" असं ओरडत तिनं उरलेलं पातेलं उचलून नेलं. मामा पाहुण्यांना नेहमी सांगायचा, "आमच्या घरी दही खाले नाई भेटत. डोकं पुढं केलं तं भेटते."

केस बिघडण्याचे किती प्रकार असतात हे मला त्या वर्षी कळलं. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बाया यायच्या, त्यांच्या केसांत कापसाचं तूस असं गुंतलेलं असायचं की लांबून सगळ्या अकाली म्हाताऱ्या वाटाव्यात. मामी त्यांना सरकीचं कोमट तेल चोळायची. ज्याचं तूस त्याचंच तेल, असा तिचा न्याय होता. धुण्याच्या साबणवडीनं केसांचा काथ्या झालेल्या मुली यायच्या. त्यांना ताक आणि मुलतानी माती. एक कॉलेजात जाणारी मुलगी तर डोक्याला फडकं बांधून रडत आली. शहरातल्या मैत्रिणीचं ऐकून तिनं टेबलावर केस पसरले होते आणि बहिणीला वरून कोळशाची इस्त्री फिरवायला लावली होती. फडकं सोडताच सगळ्या ओसरीत जळका वास पसरला. मामी संतापेल असं मला वाटलं होतं. पण ती मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि ते जळके शेंडे एकेक करून कापताना इतकंच म्हणाली, "सरळ केस पाहिजे होते तं माया जवळ याचं न, माय. मी रोज विंचरून दिले असते." आणि खरंच, त्या मुलीचे केस पुढचे तीन महिने तिनं रोज विंचरले.

मामीच्या प्रयोगांचं हक्काचं डोकं म्हणजे माझं. मार्च महिन्यात कधीतरी तिनं माझ्या डोक्याला दोन अंडी फेटून लावली. घरात अंडं चालत नसे, म्हणून हे काम गोठ्यामागे, मामा वावरात गेल्यावर गुपचूप झालं. "धाच मिन्टं बसजो, मंग थंड्या पाण्यानं धुजो," असं बजावून मामी कोणाच्या तरी बोलावण्यावरून निघून गेली. आता मार्चमधली सकाळ, विहिरीचं पाणी गार. मी म्हटलं, चुलीवर तापलेलं आहेच, तेच घेऊ. पहिला तांब्या ओतला आणि डोक्यावर काहीतरी घट्ट होत गेल्याचं जाणवलं. दुसरा ओतला. बोटं घातली तर हाताला पिवळे-पांढरे तुकडे! मामी परत आली तेव्हा मी गोठ्यात बसून हुंदके देत होते, मांजर माझ्या खांद्यावर चढायच्या तयारीत होतं आणि दोन कावळे कुंपणावर आपली पाळी यायची वाट बघत होते. मामीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि मटकन खाली बसली. इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी मीच उठून तिला पाणी दिलं. दोन दिवस ती माझ्या केसांतून अंडं वेचत होती आणि मधेच थांबून पुन्हा हसत होती. मामानं जेवताना नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, "आज काय केलं होतं व?" मामी म्हणाली, "काई नाई. पोरीचा अभ्यास."

शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायला त्या वर्षी नव्या बाई आल्या होत्या. त्यांची आणि मामीची ओळख झाली ती एसटीत. बाई हिंगणघाटहून रोज येऊन-जाऊन करायच्या. एका संध्याकाळी मामी आणि मी त्याच गाडीनं हिंगणघाटला निघालो होतो. बाई आमच्या पुढच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून दिवसभराच्या थकव्यानं झोपलेल्या, आणि त्यांची वेणी बाकाच्या पाठीवरून मामीच्या अगदी गुडघ्याशी लोंबत होती. मी मामीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात धरला. "मामी, नको. आमच्या बाई आहेत त्या." "मी का खाऊन राह्यली तिले? शेंडे पाय, फुटून राह्यले!" असं म्हणता म्हणता रिबीन सुटलीसुद्धा. गाडी खड्ड्यांतून आपटत होती आणि मामी कनवटीच्या पिशवीतली छोटी कात्री काढून फाटे फुटलेले केस असे टिपत होती, जशी ज्वारीच्या कणसावरची अळी वेचावी. हिंगणघाट आलं तेव्हा बाईंना जाग आली. हात मागे गेला, चारपेडी घट्ट वेणी हाताला लागली. त्या चमकून वळल्या. मी बाकाखाली शिरायच्या बेतात. मामी म्हणाली, "खोबऱ्याचं तेल सोडा, बाई. तुमच्या डोक्याले तिळाचं लागते. रविवारी येजा."

बाई रविवारी खरोखर आल्या, पण ओसरीच्या पायरीशी थांबल्या. त्या बौद्ध होत्या. गावातल्या काही घरांतून त्यांना चहा बाहेरच्या बाहेर आणि वेगळ्या कपातून मिळे, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होतं. त्यांनी ते मामीला आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागाहून कोणाला अवघड व्हायला नको. मामीला त्यांचं बोलणं समजायलाच वेळ लागला. "मंग?" ती म्हणाली. "डोकं का तिथून फेकून देता का काय माया कडं? या न आत!" आणि त्यांना हाताला धरून आत आणून, खाली बसवून, त्यांचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं. शेजारणींनी भिंतीवरून पाहिलं. मामीनं त्यांना तिथूनच आवळकाठी कुटायला लावली.

अशाच एका रविवारी, डोळे मिटून तेल जिरवत बसलेल्या बाईंनी मला विचारलं, "कुसुम का गं येत नाही शाळेत?" कुसुम माझ्याच वर्गातली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, गणितात माझ्यापेक्षा हुशार. पावसाळ्यानंतर तिला मुदतीचा ताप आला होता, चाळीस दिवस अंथरुणाला खिळली होती. ताप गेला, पण ती शाळेत आलीच नाही. मला कारण माहीत होतं, आणि ते सांगायची भीती वाटत होती. मी हळूच म्हणाले, "तिला जट आली आहे, बाई. देवीची." तापात कोणी केस विंचरले नव्हते. घामानं, उशीवर घासून मागचे सगळे केस दोरखंडासारखे चिकटून एक झाले होते. कुसुमच्या आजीनं ते पाहिलं, हात जोडले आणि हळद-कुंकू वाहिलं. आता बाया तिच्या पाया पडायला येत होत्या. आई-वडील गप्प होते. पोरीला देवीच्या नावानं सोडायची, म्हणजे शाळा नाही, पुढे लग्न नाही, असं घरात ठरत आलं होतं. तेरा-चौदा वर्षांची कुसुम दिवसभर एका पाटावर बसून असायची.

मामीचे हात थांबले. मी त्या घरात राहायला आल्यापासून ते असे थांबलेले पहिल्यांदाच पाहिले. "चाळीस दिवस," ती म्हणाली, "चाळीस दिवस कोणी फणी नाई लावली त्या लेकराले?" आणि बाईंचं अर्धं डोकं तेलात, अर्धं कोरडं तसंच सोडून ती उठली, तेलाची किटली घेतली, दाभण घेतलं, आणि भर दुपारी कुसुमच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे, बाई केस सावरत माझ्या मागे.

आजी दारातच बसलेली, हाडकुळी, करारी. "कात्री लावशीन तं देवी कोपन," तिनं मामीची वाटच अडवली. मामीनं कनवटीची पिशवी उघडली, आपली ती जिवापाड जपलेली कात्री काढली आणि आजीच्या हातात ठेवली. "हे घ्या, आत्याबाई. तुमच्या कमरेले खोसून ठेवा. मी कापत नाई. एकबी केस कापत नाई. मी निस्ती गाठ सोडवाले आली. देवीले पाहिजेच असन तं तिले का हात नाईत? थे रातोरात पुन्हा घालून घेईन." आजी विचारात पडली. सगळा गाव तिच्याकडे उपाय-तोडग्यांना येई, पण असा हिशोब तिच्यापुढे कोणी मांडला नव्हता. देवीच्या सामर्थ्यावर शंका घ्यायची तिला सोय उरली नाही. तिनं कात्री कमरेला खोसली आणि पाय बाजूला घेतले.

पुढचे तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. शाळा सुटली की मी आणि बाई धावत तिथे. अंगणात उन्हात कुसुमला बसवायचं, गरम तिळाचं तेल जटेत मुरवायचं, आणि टोकाकडून सुरुवात. मामी दाभणाच्या टोकानं चार केस अलगद सुटे करायची, बोटांनी ओढून घ्यायची, मग पुढचे चार. बाई शेवटच्या गाडीपर्यंत थांबायच्या आणि सुटलेले केस विंचरून बाजूला धरायच्या. आजी समोर कात्रीवर हात ठेवून पहाऱ्याला. वीतभर मोकळं झालं की मामी अशी आनंदानं ओरडायची जणू विहिरीला पाणी लागलं, आणि गल्लीतली पोरं कुंपणाला गोळा व्हायची. कुसुम पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "गणितात कुठपर्यंत झालं?" मग मी तिथेच पाटी घेऊन बसायला लागले.

तिसऱ्या संध्याकाळी कुसुमला ताप भरला. झालं! आजीनं टाहो फोडला, आमची तेलाची किटली अंगणाबाहेर आली, आणि दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की देवी कोपली. मामानं पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुले काऊन पाहिजेत लोकायच्या भानगडी? पोरीले काई झालं तं?" मामी चुलीपुढे बसून होती. तिनं भाकरी केली नाही, खाल्ली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या तीन बायांना तिनं परत पाठवलं. बडबडी मामी गप्प झाली की घर किती मोठं वाटतं ते मला तेव्हा कळलं. मला एकदाच म्हणाली, "ओल्या तेलात वाऱ्यावर बसवलं न मी तिले. तापातून उठलेलं लेकरू. चुकलंच मायं." बाई मात्र सरळ कुसुमच्या वडिलांकडे गेल्या, त्यांना घेऊन तिला दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात होतो. फाटक वाजलं. कुसुम एकटीच चालत आली होती, अशक्त, अर्ध्या डोक्याचे केस मोकळे आणि अर्धी जट तशीच खांद्यावर. तिच्या मागून आजी धापा टाकत, कात्री कमरेला. सगळी गल्ली बघत होती. कुसुम मामीसमोर येऊन पाठमोरी बसली आणि म्हणाली, "मामी, राह्यलेलं सोडा न. मले सोमवारी शाळेत जाचं हाये."

मामीनं आजीकडे पाहिलं. आजीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चटईच्या कडेला टेकली. या वेळी अंगण सोडून आम्ही आत, चुलीच्या उबेला बसलो. दुपार कलली तेव्हा शेवटची गाठ सुटली. मामीनं केस पाठीवर पसरले. पातळ, पिंगट, मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे, जेमतेम खांद्याखाली. कुसुम दोन्ही हातांनी ते पुढे घेऊन नुसती बघत होती, मग रडायला लागली, मग मीही, मग बाईही. फक्त मामी कमरेवर हात ठेवून उभी. "हे का केस हायेत?" ती गरजली. "उद्यापासून जवसाचं पाणी! अन् दूध प्याचं!" आणि एवढं बोलून तीही पदरानं डोळे पुसायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा आजीनं कमरेची कात्री काढून तिच्यापुढे धरली. बराच वेळ घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माया बी डोक्यात लय खाजते व. पाहून देतं का?"

कुसुम सोमवारी शाळेत आली. तिला दहावीत माझ्याहून अकरा गुण जास्त मिळाले. पुढे ती परिचारिका झाली, संसाराला लागली. मी शिकले, नोकरीला लागले, लांबच्या शहरात गेले. ऐंशीच्या दशकात शाम्पूच्या पुड्या खेड्यातल्या दुकानांतूनही माळेनं लटकायला लागल्या आणि वर्ध्यात केस कापायची पार्लरं निघाली. मामीच्या ओसरीवर येणाऱ्या बाया आधी रविवारपुरत्या उरल्या, मग सणावारापुरत्या. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मामा पत्रात लिहायचा, "तुयी मामी आता मायंच डोकं पाहाते. मले उरले किती केस!"

तिची शेवटची भेट झाली ती हिंगणघाटच्या बसस्टँडवर. मी वर्ध्याची गाडी धरणार होते, ती मामाबरोबर डोळे दाखवायला आली होती. मला आवाजावरून ओळखलं, बाकावर शेजारी बसवलं, आणि काही विचारायच्या आत माझा अंबाडा सोडला. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटांनी मुळापासून टोकापर्यंत पाहत गेली. "खारं पानी हाये तुमच्या तिकडं," ती म्हणाली. होतं. "अन् झोप कमी." तेही खरं होतं. मग बोटं तशीच केसांत ठेवून तिनं विचारलं, "तेल कोन लावून देते तुले?"

"कोण लावणार, मामी? मीच लावते."

तिची बोटं माझ्या टाळूवर फिरायला लागली. मग म्हणाली, "माय गेली तवा मी सात वर्साची होती. मी बी मायं मीच लावत होती. आपला हात आपल्या डोक्याले पुरत नाई, बाई."

तेवढ्यात गाडी लागली. मामानं माझी पिशवी वर दिली, लोक मागून ढकलत होते, मी घाईघाईत चढले आणि खिडकीशी बसले. गाडी सुटली तरी तिचा हात हवेत तसाच होता, बोटं किंचित वाकलेली. वारा आत येत होता, केस तोंडावर उडत होते, शेजारची बाई दोनदा वैतागून सरकली. वर्ध्याला पोचेपर्यंत मी ते बांधले नाहीत.